क्रमांक दोनचं भांडं

४ मार्च, शनिवार

आज जे सापडलं ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

माझ्या नवऱ्याचा, हेक्टरचा बॅगपाइप चर्चच्या मंडळींना देऊन टाकावा म्हणून पेटी उघडली. पिशवीचं कातडं अजून नव्यासारखं कडक. सात वर्षं दर गुरुवारी सरावाला जायचा, पण वस्तू जपून वापरायची त्याची सवयच होती. पेटीच्या अस्तराखाली घडी घातलेला मोठा कागद लागला. उलगडला तर दारू गाळायच्या तांब्याच्या भांड्याचं चित्र! पोट, मान, वाफ नेणारी आडवी नळी, सगळी मापं, आणि अक्षर हेक्टरचं. वर कोपऱ्यात लिहिलेलं: क्रमांक दोन.

एकतीस वर्षं हा माणूस दारूच्या मोठ्या भट्टीवर भांडी सांभाळत होता. निवृत्त झाला त्या दिवशी टोपी फेकून म्हणाला होता, "इशबेल, यापुढे घरात तांब्याची किटलीसुद्धा आणायची नाही." मग हे काय? आणि माझ्यापासून लपवून? त्याला तर माझ्या वाढदिवसाची भेटसुद्धा लपवता यायची नाही. आठवडाभर आधी चेहऱ्यावर दिसायची.

एफीला हाक मारली. एफी माझी थोरली बहीण. नोव्हेंबरात हेक्टरच्या अंत्यविधीला आली ती राहिलीच आहे. कागद बघून म्हणाली, "घ्या! चाळीस वर्षं संसार केलास, आणि गडी आत्ता कुठे जरा मजेशीर निघाला."

मला हसू आलं आणि मग रडू आलं. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदाच.

५ मार्च, रविवार

ठरलं. हे भांडं मी घडवून घेणार. मागची शेड रिकामी आहे, शेजारी ओढा आहे, आणि बार्ली तर गावाच्या चारी बाजूंना उगवते. हेक्टरच्या मनात जी दारू होती ती एकदा माझ्या जिभेवर यायला हवी. त्याचं तेवढंच नवं काही मला अजून मिळू शकतं. बाकीचं सगळं कपाटात टांगलंय आणि त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास यायला लागलाय.

एफी म्हणाली, "तुला साधा मुरंबा धड जमत नाही."

"चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय मी. मापं वाचता येतात मला."

"मुरंब्यालासुद्धा मापच लागतं गं बाई," म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

८ मार्च, बुधवार

वॉटी पिरीकडे गेले. आमच्या भागातला एकच तांबट उरलाय तो. माझाच विद्यार्थी, अपूर्णांकांत तीनदा नापास. दहा वर्षं नॉर्वेकडे तेलाच्या विहिरींवर होता, बाप गेल्यावर दोन वर्षांपूर्वी परत आला आणि बापाची कार्यशाळा चालवायला लागला.

कागद बघून त्याच्या भुवया वर गेल्या त्या खाली येईनात.

"बाई, हे हेक्टरनेच काढलंय?"

"अक्षर ओळखत नाहीस?"

"अक्षर ओळखतो हो. भांडं ओळखत नाही. हेक्टर जन्मभर काय सांगायचा? उंच मान, हलकी दारू. आणि इथे मानच नाही. जमिनीपासून टोकापर्यंत तीन मीटर! यातून जड, तेलकट माल पडणार. तुमच्या शेडचं छप्पर केवढं?"

"पाच मीटर."

"मग एवढं वाकून का उभं केलंय याला? दीड मीटर मान वाढवू का? हेक्टरच्या आवडीचं होईल."

मी त्याला असा झापला! इथे जुनं भांडं झिजलं की तांबट नवं घडवताना जुन्याचा पोचासुद्धा तसाच्या तसा उतरवून देतो, कारण आकार हलला की चव हलली. लहान पोराला माहीत असलेली गोष्ट, आणि तांबटाच्या पोराला मी सांगायची? मेलेल्या माणसाच्या चित्राला हात लावायला निघाला!

"चुकलो बाई," म्हणाला. "पण हे दोन नंबरचं, म्हणजे दुसऱ्या गाळपाचं. पहिलं कुठाय? एकट्या भांड्यातून नुसतं कोमट दु:ख निघतं. जोडी लागते."

पहिल्याचा कागद घरात असणारच, शोधते म्हटलं. तांब्याचा पत्रा यायला महिना लागेल. तेरा एप्रिलला कापायला घेणार. एकदा कापला की माघार नाही, असं त्याने मला तीनदा बजावलं.

१२ मार्च, रविवार

घर उलटंपालटं केलं. पहिल्या भांड्याचा कागद नाही तो नाहीच.

दमून बसलो असताना एफी हळूच म्हणाली, "या भांड्याचं काय ते दोन मिनिटांत सांगेल असा एक माणूस आहे. हेक्टरच्या शेजारीच उभा राहून शिकलेला."

मी म्हटलं, "त्याचं नाव या घरात निघत नाही."

"नाव कुठे काढलं मी?"

इथे वहीत तरी लिहावं लागेल. मर्डो. हेक्टरचा धाकटा भाऊ, ड्रमफर्नला राहतो. अकरा वर्षांपूर्वी डिसेंबरात गाडी तो चालवत होता आणि शेजारी आमची शोना होती, सोळा वर्षांची. रस्त्यावर बर्फाची काच झालेली. शोना गेली. त्याचे नुसते पाय गेले. पोलिस म्हणाले, प्यायलेला नव्हता. भट्टीवरचा माणूस आणि प्यायलेला नव्हता म्हणे! मी विश्वास ठेवला नाही आणि ठेवणारही नाही. त्याच आठवड्यात मी हेक्टरला शपथ घातली: एक तर तो, नाहीतर मी. हेक्टरने मान डोलावली. माझा नवरा शब्दाचा पक्का.

१९ मार्च, रविवार

शेडमध्ये खडूने जमिनीवर मापं आखली. कागद विचित्र आहे, कबूल करते.

आडवी नळी डावीकडे जाते, थंड पाण्याच्या पिंपाकडे. आमचा ओढा उजवीकडे. भांडं आतून धुवायला उघडायचं झाकण जमिनीपासून फक्त पाऊण मीटरवर. हेक्टर सहा फूट तीन इंच! मीही काही बुटकी नाही. भांड्यापुढे चढायला पायऱ्या हव्यात तर तिथे उतार काढलाय, बारास एक, बारा फुटांत फूटभर चढ. पिंपं ढकलायची असतील, पण एवढा सौम्य उतार कशाला? पिंपं काय म्हातारी आहेत? आणि भांड्याच्या पुढे दीड मीटर व्यासाचं वर्तुळ आखून त्यात लिहिलंय: इथे काहीही ठेवायचं नाही.

बराच वेळ त्या वर्तुळात उभी राहिले. मग लक्षात आलं. गुडघे! शेवटची दोन वर्षं हेक्टरचे गुडघे वाकत नव्हते. त्याला कळलं होतं की आपण बसूनच काम करणार. खुर्ची टाकून, पाऊण मीटरवरच्या झाकणापुढे. आपलं म्हातारपण त्याने मापून ठेवलं होतं आणि मला बोलला नाही.

उद्या माणूस बोलावून ओढ्याचं पाणी नळाने डावीकडे फिरवते. झाकण तिथेच राहील. मी वाकेन.

२० मार्च, सोमवार

एफीला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "गुडघ्यासाठी दीड मीटरचं वर्तुळ?" मी म्हटलं, हेक्टरला मोकळी जागा आवडायची. ती उठून भांडी विसळायला लागली. एफी गप्प बसली की मला भीती वाटते.

२८ मार्च, मंगळवार

जमेल तसं लिहिते.

वॉटीने बोलावलं होतं, क्रमांक दोनचा लाकडी साचा बघायला. तांबट प्रत्येक भांड्याचा साचा आधी लाकडी फळीतून कापतात आणि काम झाल्यावर तो भिंतीवर टांगून ठेवतात. पुढे कधी तसंच भांडं हवं झालं तर. वॉटीच्या मागच्या खोलीत त्याच्या आजोबापासूनचे साचे टांगलेत, प्रत्येकावर नाव आणि साल. आमचा नवा साचा टांगायला तो खिळा शोधत होता. एक जुना साचा बाजूला सरकवला आणि तसाच थांबला.

"बाई," म्हणाला, "जोडी सापडली."

तीच खांद्याची गोलाई. तीच आखूड मान. फक्त पोट मोठं. फळीवर हेक्टरच्या हातचं: क्रमांक एक. साल चार वर्षांपूर्वीचं. त्याखाली वॉटीच्या बापाने लिहिलेलं: 'पोचतं केलं. मर्डो, ड्रमफर्न, मेंढ्यांचा गोठा. छप्पर साडेतीन मीटर, जपून.'

मी ते तीनदा वाचलं. कानात कुणीतरी पत्रा ठोकत असल्यासारखं व्हायला लागलं. वॉटी म्हणत होता, मी तेव्हा इथे नव्हतो बाई, खरंच मला माहीत नव्हतं. मी त्याला पाणी मागितलं आणि पाणी आणायच्या आत बाहेर पडले.

छप्पर साडेतीन मीटर. पाऊण मीटरवर झाकण. बारास एकचा उतार. वर्तुळ. चाकाची खुर्ची गरकन फिरायला किती जागा लागते? गणिताच्या बाई, सांगा बघू.

२९ मार्च, बुधवार

काही नाही.

१ एप्रिल, शनिवार

चर्चच्या पाइपवाल्यांना फोन केला. "हेक्टर?" म्हणाले, "तो दोनदा आला होता, सात वर्षांपूर्वी."

सात वर्षं. दर गुरुवारी. मी त्याच्यासाठी ब्रॉथ, बार्लीचं दाट सूप, गरम ठेवायची, कारण फुंकून फुंकून दमला असेल! येताना दारूचा वास यायचा नाही, नुसता तांब्याचा यायचा, हाताला. मला वाटायचं, मोठ्या भट्टीचा वास कातडीत मुरलाय. आणि मी आख्ख्या गावाला हसून सांगायची, सात वर्षं सराव करतोय नि एकच सूर वाजवतोय.

एफीला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"संशय होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुला? तू त्या वेळी दूधवाल्यालासुद्धा घरात घेत नव्हतीस, तो मर्डोकडेही दूध टाकतो म्हणून."

मी बशी फेकली. तिला लागली नाही. मारायचीच नव्हती. पण बशी आईची होती.

५ एप्रिल, बुधवार

आज ड्रमफर्नला गेले. त्याला काय काय बोलायचं ते वाटेत मोठ्याने घोकत गेले. शेवटचं वाक्य होतं: तू माझी मुलगी नेलीस आणि मग नवराही नेलास.

गोठ्याचं दार उघडं होतं. आत ते. क्रमांक एक. एवढं सुंदर असेल असं वाटलं नव्हतं, याचाच आधी राग आला. बुटकं, रुंद खांद्यांचं, तुळईखाली जेमतेम मावलेलं. त्याच्या डावीकडे माझ्या कागदातल्या मापाचा रिकामा ओटा, आणि ओट्यापलीकडच्या भिंतीबाहेर ओढा वाजत होता.

"ये वहिनी," मागून आवाज आला. "बसायला सांगितलं असतं, पण इथे खुर्ची एकच आहे आणि ती माझ्याखाली आहे."

अकरा वर्षांत तो म्हातारा झालाय. पांढरी दाढी, हेक्टरसारखेच कान. पाठ केलेलं सगळं मी विसरले. तोंडातून निघालं ते हे: "त्याने मला शब्द दिला होता!"

"दिला होता. पहिल्यांदा आला तो मला मारायलाच आला होता. हातात पाना घेऊन. मी म्हटलं मार, पळून तर जात नाही. मग तो बसला. सहा महिने नुसता येऊन बसायचा. बोलायचा नाही. मी तरी काय बोलणार? शेवटी मी म्हटलं, दादा, गप्प बसायचंय तर हाताला काम तरी घे."

"आणि तुम्ही भांडं केलंत."

"भांडलो. दोन वर्षं नुसते मानेवरून भांडलो. त्याला उंच हवी होती. मी म्हटलं, छप्पर वर उचलतोस का? मग म्हणाला, ठीक आहे, तुझ्या उंचीचं करू. दुसऱ्याचा कागद झाला आणि तो आजारी पडला."

ठीक आहे, तुझ्या उंचीचं करू! माझ्यासाठी नव्हतंच ते. महिनाभर मी ज्या कागदावर हात फिरवत होते त्यात माझं काहीही नव्हतं. मी म्हटलं, "दुसरं भांडं माझं आहे. कागद माझ्या घरात सापडलाय. मी त्याची मान दीड मीटर वाढवणार आणि माझ्या शेडमध्ये उभं करणार. तू बस या अर्ध्याला कवटाळून."

"कर," म्हणाला. "तुझा हक्क आहे."

मी दारापर्यंत गेले तेव्हा म्हणाला, "वहिनी, हेक्टरने मला एक गोष्ट विचारली होती. यायला लागल्यावर वर्षाने. त्या दिवशी गाडीत काय झालं, शोना काय बोलली. मी सगळं सांगितलं त्याला. तुला ऐकायचं असेल तर—"

पुढचं ऐकलं नाही. गाडी चालू करायला चार वेळा किल्ली फिरवावी लागली.

८ एप्रिल, शनिवार

त्याला माहीत होतं. हेक्टरला. सहा वर्षं.

काही गुरुवारी तो घरी आला की कोट न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा. तोंड उघडायचा. मी म्हणायची, "काय?" मग म्हणायचा, "काही नाही, चहा ठेवू का?" मला वाटायचं, वय झालं, विसरतो. त्याच्या तोंडात आमच्या पोरीचे शेवटचे शब्द होते आणि ते कुठून आणले हे सांगता येत नव्हतं म्हणून तो चहा ठेवत होता. शपथ कुणी घातली होती? मी. दार कुणी लावलं होतं? मीच की!

अकरा वर्षांत मी पोलिसांना विचारलं, डॉक्टरांना विचारलं, पाद्र्यांना विचारलं, तिला कळलं का, ती घाबरली का. ज्याला माहीत होतं त्या एकट्यालाच विचारलं नाही.

एफीने ब्रॉथ आणून ठेवला. खाल्ला नाही. ती म्हणाली, "अगं, जा." मी म्हटलं, "नाही."

११ एप्रिल, मंगळवार

वॉटीचा फोन. पत्रा आलाय, परवा कापणार. "बाई, मान आखूड की लांब? एकदाच सांगा."

मी म्हटलं, "लांब. पाच मीटर छप्पर धरून."

"मग जोडी जमणार नाही. ते भांडं ड्रमफर्नला कधीच मावणार नाही."

"मला कळतं ते."

"बरं," म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "बरं बाई." मी जिंकले होते आणि घरात बसायला जागा सापडत नव्हती. या खुर्चीतून त्या खुर्चीत.

१२ एप्रिल, बुधवार

गेले.

मर्डो अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होता. मी गाडीतून उतरून त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "बोल."

त्याने दाण्यांचा डबा मांडीवर ठेवला. पुढचं त्याच्याच शब्दांत लिहिते, एकही इकडचा तिकडे न करता.

"तिची बस चुकली होती. मैत्रिणीकडे रेंगाळली. मला फोन केला, काका, न्यायला ये. गाडीत बसली, हीटर पूर्ण सोडला, बूट काढून पाय वर घेतले. मी म्हटलं, पोरी, तुझी आई आज तुला फाडून खाणार. चारला घरी ये म्हणाली होती ना? तर हसायला लागली. तुझी नक्कल करून दाखवली, खडू आपटल्यासारखा हात करून. मग म्हणाली, अरे काका, आईचं काही नाही. दाराशी ओरडेल, अर्ध्या तासात विसरेल. तिला राग धरताच येत नाही. एवढं बोलली, आणि पुढे वळण होतं. तिला काही कळलं नाही वहिनी. ती हसतच होती."

अंगणात, कोंबड्यांत, सरळ खाली बसले. तोंडातून जो आवाज निघाला तो माझा होता हेसुद्धा मला उशिरा कळलं. मर्डो खुर्ची जवळ घेऊन आला. हात लावायचं धाडस त्याला झालं नाही, म्हणून तो नुसता शेजारी थांबला.

किती वेळ गेला माहीत नाही. मग मी त्याचा फोन मागितला आणि तिथेच मातीत बसून वॉटीला लावला. म्हटलं, कालचं पुसून टाक. जसं काढलंय तसंच काप. झाकण पाऊण मीटरवर, नळी डावीकडे, आणि पोचतं करायचं ते ड्रमफर्नला. वॉटीने सगळं परत म्हणून दाखवलं. मग म्हणाला, "बाई, तुम्ही रडताय का?" मी म्हटलं, "तुला काय करायचंय? मापं नीट घे."

फोन परत दिला. मर्डोने तो खिशात ठेवला आणि दाण्यांचा डबा उचलून कोंबड्यांकडे वळला, म्हणजे मला उठून जाता यावं. मी उठले नाही.

"काय म्हणाली ती?" मी विचारलं. "पुन्हा सांग."

त्याने पुन्हा सांगितलं.